पाणी सुटण्याआधी

चिनी टेकआउटमधून, म्हणजे जेवण डब्यात बांधून देणाऱ्या खानावळीतून, आणतो तसं बीफ-ब्रोकोली घरी करायचं मी ठरवलं. पहिल्या खेपेला मी अर्धा किलो बीफ एकदम पॅनमध्ये टाकलं. चर्र आवाज झाला, दोन-तीन सेकंद टिकला आणि मग विरत गेला. मिनिटभरात तुकड्यांच्या कडेनं करडं पाणी सुटलं आणि मांस त्या पाण्यात रटरटायला लागलं. ते आटेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. तोवर तुकडे आक्रसून निम्मे झाले होते. वरून सॉस ओतला, ब्रोकोली घातली, सगळं खालीवर केलं. रंग छान आला होता, वासही ओळखीचा होता. मुलीनं दोन घास खाल्ले, तिसरा बराच वेळ चावत राहिली आणि म्हणाली, "अगं आई, चव बरीचशी तशीच आहे, पण मांस तसं नाही."

ती बरोबर बोलली होती. मी मात्र त्यातलं 'बरीचशी' एवढंच धरून बसले आणि पुढचे दोन महिने सॉसच्या मागे लागले.

तो काळ अगदीच वाया गेला असं म्हणणार नाही, कारण सॉसबद्दल शिकण्यासारखं खूप होतं. सॉय सॉसच्या बाटलीवर 'लाइट' लिहिलेलं असतं, त्याचा मी 'कमी मिठाचा' असा अर्थ लावला होता. खरं तर लाइट सॉय सॉस पातळ, फिक्या रंगाचा आणि चांगलाच खारट असतो. पदार्थाला खारटपणा आणि चव तोच देतो. डार्क सॉय सॉस दाट, काळसर, किंचित गोडसर आणि मुख्यतः रंगासाठी. मी दोन मोठे चमचे डार्क घालत होते, म्हणून माझं सगळं डांबरासारखं काळं दिसायचं आणि तरीही अळणी लागायचं. एक मोठा चमचा लाइट आणि लहान चमचाभर डार्क, एवढ्या एका बदलानं रंग ताळ्यावर आला.

दुसरी बाटली ऑयस्टर सॉसची. टेकआउटच्या बीफला जी चिकटसर, गोड-खारट, जिभेवर रेंगाळणारी चव असते, तिचा मोठा वाटा या बाटलीचा. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात १८८८ साली ली कुम शेउंग नावाच्या माणसाच्या हातून विस्तवावरच्या कालवांचं पाणी विसरून आटत राहिलं आणि तळाशी हा दाट तपकिरी रस उरला, अशी या सॉसच्या जन्माची कथा त्या माणसानं काढलेल्या कंपनीत सांगितली जाते. कथेत भर किती पडली असेल ती असो, हा सॉस त्याच भागातला, आणि अमेरिकेतली पहिली चिनी खानावळ चालवणारी माणसंही बहुतेक त्याच भागातून गेलेली. त्यांच्या घरी बीफबरोबर 'गाइ लान' नावाची पालेदार भाजी असायची. नव्या देशात तिची जागा ब्रोकोलीनं घेतली. हे वाचल्यावर माझ्या मनातली एक अढी गेली. हा पदार्थ 'अस्सल' नाही म्हणून त्याच्यावर कमी मेहनत घ्यावी, असं मला आता वाटत नाही. परक्या मुलुखात मिळेल त्या भाजीवर आपली हातोटी चालवणाऱ्या माणसांनी तो घडवला आहे.

पण सॉस कितीही सुधारला तरी मांस चिवटच राहायचं.

डोळे उघडले ते एका टेकआउटच्या काउंटरसमोर उभी असताना. ऑर्डर यायला वेळ होता आणि काचेपलीकडे स्वयंपाकघर दिसत होतं. आचाऱ्यानं मांसाचे तुकडे तेलात सोडले, कालथ्यानं सुटे केले, अर्ध्या मिनिटाच्या आत झाऱ्यानं उचलून चाळणीत निथळायला ठेवले. मग त्याच कढईत भाज्या. भाज्या झाल्यावर सॉस. आणि अगदी शेवटी मांस पुन्हा आत, दहा-पंधरा सेकंदांसाठी. मी तिथेच थबकले. माझ्या स्वयंपाकघरात मांस एकदा पॅनमध्ये गेलं की शेवटपर्यंत तिथेच शिजत राहायचं. इथे ते बाहेर काढून ठेवलं जात होतं! डबा हातात घेताना मी त्याला विचारलं, घरी करायचं तर काय लक्षात ठेवू? तो माझ्याकडे बघून हसला, पाची बोटं एकत्र आणून चिमूट दाखवली आणि म्हणाला, "थोडं थोडं."

घरी येऊन मी गणित मांडलं. मांसात जवळजवळ सत्तर टक्के पाणी असतं. म्हणजे ४५० ग्रॅम बीफमध्ये तीनशे ग्रॅमहून जास्त पाणी. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० कॅलरी लागतात, पण १०० अंशांवर पोचलेल्या त्याच पाण्याची वाफ करायला ५४०. जवळजवळ सात पट. शंभर ग्रॅम पाणी सुटलं, तर घरच्या ३ किलोवॅटच्या बर्नरची सगळीच्या सगळी उष्णता पॅनमध्ये शिरली असं धरूनही नुसती वाफ व्हायला सव्वा मिनिट जातं. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता कडेनं निसटते, त्यामुळे त्याच्या दुपटीहून जास्त. आणि जोवर पाणी आहे तोवर तळाचं तापमान १००च्या आसपासच अडकून राहतं. मांसाला खमंग तपकिरी रंग चढायला साधारण १४० अंशांपुढे जावं लागतं. म्हणजे पाणी असेपर्यंत मांस परतलं जातच नाही, उकडलं जातं. हॉटेलातल्या वॉकखालचा, म्हणजे खोलगट चिनी कढईखालचा, बर्नर ३० किलोवॅटचासुद्धा असू शकतो, त्यामुळे तिथे पाणी सुटल्या सुटल्या उडून जातं. माझ्याकडे तेवढी आच नाही आणि कधी येणारही नाही. पाणी उडवण्याची ताकद नसेल, तर ते एकदम जास्त सुटू द्यायचं नाही, एवढंच हातात उरतं. आचाऱ्याच्या चिमटीचा अर्थ हा होता.

तिथून पुढे मी प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारत गेले. इथे पाणी कुठून येतंय?

सुरुवात कापण्यापासून. मी फ्लँक स्टेक घेते, पोटाकडच्या स्नायूचा चपटा तुकडा. त्याच्या रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात, लाकडाच्या फळीसारख्या एका दिशेनं गेलेल्या. तो चाळीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवते. बाहेरून घट्ट होतो, आतून सुरी जाईल इतका मऊ राहतो. मग आधी रेषांच्या दिशेनं तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या करायच्या आणि मग प्रत्येक पट्टी रेषांना आडवी, सुरी थोडी तिरकी धरून, तीन मिलिमीटर जाडीनं कापायची. असं केलं की प्रत्येक तुकड्यातले तंतू तीन-चार मिलिमीटरचे उरतात, दातांना तोडायला काही राहत नाही. रेषांच्या बाजूनं कापलेला तुकडा कितीही चांगला शिजवला तरी दोरीसारखाच लागणार. मी एकाच तुकड्याचे दोन भाग करून, दोन्ही प्रकारे कापून, एकाच वेळी शिजवून बघितले. वेगवेगळ्या जनावरांचं मांस वाटावं इतका फरक होता. कोणी माझी एवढी एकच गोष्ट ऐकली आणि बाकी काहीच ऐकलं नाही तरी चालेल.

त्यानंतर मुरवण. टेकआउटमधलं बीफ जे गुळगुळीत, लुसलुशीत लागतं, त्यामागे खाण्याचा सोडा आणि कॉर्नफ्लोअर असतात. सोड्यानं मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, त्यामुळे तापल्यावर प्रथिनं एकमेकांना घट्ट आवळून धरू शकत नाहीत आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडत नाही. हे कळल्यावर मी उत्साहानं दोन लहान चमचे सोडा घातला आणि तासभर ठेवला. मांस मऊ झालं, पण स्पंजासारखं, आणि प्रत्येक घासाला साबणाची चव. सगळं टाकावं लागलं. एवढं चांगलं मांस माझ्या घाईमुळे वाया गेलं याचं फार वाईट वाटलं. आता ४५० ग्रॅमला अर्धा लहान चमचा, सपाट, आणि वीस मिनिटं. तेवढ्यानं काम होतं आणि धुवावं लागत नाही.

सोड्याबरोबर मी दोन मोठे चमचे पाणी मांसात चोळते. पाणी नको नको म्हणत असताना पाणीच घालायचं, हे सुरुवातीला पटत नव्हतं. पण दोन-तीन मिनिटं हातानं कालवत राहिलं की मांस ते पाणी पिऊन टाकतं, भांड्याच्या तळाला थेंब उरत नाही, आणि बोटांना तुकडे फुगल्यासारखे लागतात. मग एक मोठा चमचा लाइट सॉय सॉस, एक मोठा चमचा शाओशिंग वाइन, म्हणजे तांदळाची चिनी वाइन, चिमूटभर पांढरी मिरपूड. शेवटी एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आणि तेवढंच तेल. कॉर्नफ्लोअर कढईत गेल्याबरोबर तुकड्याभोवती पातळ कवच धरतं, आतलं पाणी आत ठेवतं आणि पुढे सॉसलाही धरून राहतं. तेलामुळे तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत. पाणी आणि तेल यांचा क्रम मात्र उलटा करायचा नाही. तेल आधी लागलं तर मांसात पाणी मुरत नाही.

मांस मुरतंय तेवढ्यात ब्रोकोली. तिचे तुरे म्हणजे पाणी लपवण्याची उत्तम जागा. मी ती मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून काढायचे आणि रंग टिकावा म्हणून बर्फाच्या पाण्यात टाकायचे. रंग टिकायचा, पण तुऱ्यांतून कढईत निदान अर्धी वाटी पाणी यायचं. आता बर्फाचं पाणी बंद. गरम ब्रोकोली कोरड्या फडक्यावर तुरे खाली करून, एकावर एक न ठेवता पसरते. तिच्या स्वतःच्या उष्णतेनंच बरंचसं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि उरलेलं फडकं शोषतं. मिनिटाऐवजी पाऊण मिनिटात बाहेर काढली तर रंगही जात नाही. गाजर तिरकं पातळ कापते. ढोबळी मिरची आणि कांदा मोठे चौकोनी. मशरूम मी या पदार्थात घालतच नाही. ती वेगळी परतून पाणी आटवून घालता येतात, पण तेवढा वेळ दिला तर बाकीचं थंड होतं.

कढईबद्दल. आधीचा पॅन नॉनस्टिक होता, आणि तसा पॅन रिकामा असताना कडक तापवणं बरं नाही, कारण २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो. मी कार्बन स्टीलचा, सपाट तळाचा, पस्तीस सेंटिमीटरचा वॉक आणला. घरच्या शेगडीवर गोल तळाचा वॉक नीट बसत नाही आणि आच कडेनं वाया जाते. वॉक आधी कोरडा तापवायचा, धूर दिसायला लागेपर्यंत, आणि मग तेल फिरवायचं. 'गरम कढई, थंड तेल' असं कँटनकडचे, म्हणजे ग्वांगडोंगमधले, आचारी सांगतात. कढई अशी तापलेली असली की मांस चिकटत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. मांसाचे तीन भाग. पहिला भाग वॉकमध्ये, तुकडे सुटे सुटे, एका थरात. आणि मग हात मागे. हे फार कठीण गेलं मला. कालथा हातात असला की ढवळावंसं वाटतंच. पण चाळीस-पंचेचाळीस सेकंद अजिबात हलवायचं नाही. आवाज ऐकायचा. पाणी सुटलं की चर्र आवाज बुडबुड्यांसारखा मऊ होतो. तीव्र, कोरडा, तडतडता राहिला तर सगळं ठीक आहे. दीडशे ग्रॅमला तो शेवटपर्यंत कोरडा राहिला. तुकडे उलटले तर खालून बदामी कडा, आणि मला इतका आनंद झाला की दुसरी बाजू करायच्या आधीच मी मुलीला हाक मारली. दुसऱ्या बाजूला वीस सेकंद, आणि मधोमध थोडा गुलाबीपणा असतानाच बाहेर. मग वॉक पुन्हा धुरावर येईपर्यंत थांबायचं, मिनिटभर तरी, आणि मगच दुसरा भाग. तिन्ही मिळून सहा-सात मिनिटं जातात. पहिल्या खेपेला पाणी आटवण्यात गेला होता तेवढाच वेळ.

भाज्या पटापट होतात. गाजर दोन मिनिटं, कांदा-ढोबळी मिरची एक मिनिट, ब्रोकोली नुसती गरम होण्यापुरती. मधे जागा करून ठेचलेलं आलं आणि लसूण, फार तर पंधरा सेकंद. आधी घातलं तर या आचेवर लसूण करपतो आणि कडूपणा सगळीकडे पसरतो.

सॉस आधीच वाटीत कालवून ठेवलेला असतो. दोन मोठे चमचे ऑयस्टर सॉस, वर सांगितलेले दोन्ही सॉय सॉस, लहान चमचाभर साखर, अर्धा कप स्टॉक (मांस किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी), एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर. मांस ठेवलेल्या ताटलीत तोवर थोडा रस जमलेला असतो. तोही मी यातच ओतते, कारण पाणी कुठे हवं तर ते इथे. कॉर्नफ्लोअर तळाला बसतं म्हणून ओतण्यापूर्वी वाटी पुन्हा ढवळायची आणि सॉस वॉकच्या कडेनं सोडायचा. तो नीट उकळायला हवा, नाहीतर कॉर्नफ्लोअर कच्चं लागतं आणि सॉस पातळच राहतो. गढूळ रस बघता बघता पारदर्शक, चकचकीत होतो, तो क्षण मला दर वेळी थांबून बघावासा वाटतो. लगेच मांस आत, दोनदा खालीवर, गॅस बंद, आणि वरून अर्धा लहान चमचा भाजक्या तिळाचं तेल. ते आचेवर घातलं तर त्याचा वास उडून जातो.

एक गोष्ट घरी पूर्ण जमत नाही. कँटनी भाषेत तिला वॉक हेइ म्हणतात, कढईचा श्वास. मोठ्या आचेवर पदार्थ उडवताना तेलाचे बारीक थेंब ज्योतीत पेटतात आणि तो धुरकट वास पदार्थात उतरतो. माझ्या बर्नरवर तिसऱ्या भागाच्या वेळी त्याची झुळूक येते, त्याहून जास्त नाही. ते मी मान्य केलं आहे. उलट, टेकआउटच्या चवीतला दुसरा अर्धा भाग घरीच सापडला. घडीचा कागदी डबा, ज्याचं पेटंट अमेरिकेत १८९४ साली घेतलं गेलं, तो घरी येईपर्यंत आतल्या वाफेनं भाजी आणखी मऊ करतो आणि सॉस तिच्यात मुरवतो. म्हणून मी पदार्थ झाल्यावर तीन-चार मिनिटं झाकून ठेवते. मग बाजूला नुसता पांढरा भात.

मुलीनं त्या दिवशी पहिला घास घेतला आणि काही बोललीच नाही. तिनं वाटी पुढे केली आणि आणखी मांस मागितलं. मी विचारलं, "तसं आहे का?" तर तोंड भरलेलं असतानाच तिनं जोरात होकाराची मान हलवली.

उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं, भाज्यांतून येतं ते, आणि सॉस पातळ होतो. तेव्हा मी मांस वेचून बाजूला ठेवते, भाज्या आणि सॉस मोठ्या आचेवर एक उकळी येईपर्यंत परतते आणि मांस शेवटी घालते.

जेवणं झाली की वॉक. साबण नाही, गरम पाणी आणि मऊ ब्रश. पहिल्या आठवड्यात मी तो नुसता पुसून ठेवला होता आणि सकाळी तळाला गंज धरला होता. घासून, तापवून, तेलाचे थर पुन्हा चढवावे लागले. आता धुतल्यावर तो परत गॅसवर ठेवते. तळाशी राहिलेले थेंब सैरावैरा पळतात, लहान होत जातात, आणि शेवटचा नाहीसा झाला की आच बंद करून कागदावर घेतलेलं तेल आतून पातळ फिरवते.